मुंग्या, पित्त आणि मधली इंग्रजी

फ्रेंच माणसाला मळमळायला लागलं की तो म्हणतो, 'माल ओ कर'. शब्दाला शब्द लावला तर अर्थ निघतो, हृदयात दुखतंय! नवशिक्या अनुवादकाने एवढंच इंग्रजीत उतरवलं, तर डॉक्टर ईसीजीचं मशीन ओढत आणणार आणि पेशंट बिचारा बादली शोधत बसणार.

दवाखान्याच्या फ्रेंचमध्ये असे चकवे पावलोपावली आहेत. तिथे 'पेरफ्यूझिओं' लावली म्हणजे साधी सलाईन लावली. इंग्रजीत 'परफ्युजन' म्हटलं की बोलणं अवयवांना होणाऱ्या रक्तपुरवठ्यावर जातं. 'अँतॉक्सिकासिओं' म्हणजे विषबाधा, पण इंग्रजीत त्याच शब्दाला दारूचा वास येतो. शिळं मटण बाधलेला सभ्य गृहस्थ कागदोपत्री तळीराम ठरायचा. या शब्दाच्या स्पॅनिश भावंडाने तर १९८० साली फ्लोरिडात घात केला. बाहेरचं खाणं बाधलं असावं, अशा अर्थाने घरच्यांनी 'इंतॉक्सिकादो' म्हटलं. डॉक्टरांनी अमली पदार्थ समजून उपचार केले. खरं दुखणं मेंदूतल्या रक्तस्रावाचं होतं. ते कळायला उशीर झाला आणि अठरा वर्षांच्या मुलाचे हातपाय कायमचे गेले.

याचा पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे तालुक्याशी काय संबंध? आहे. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले याच तालुक्यात. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तालुक्याला राजगडचंच नाव द्यायचं ठरवलं. पावसाळा सरला की गडांवर माणसांची रीघ लागते. समजा, तोरणा उतरताना बिनी दरवाजाखाली एखाद्या फ्रेंच पाहुण्याचा पाय घसरला आणि चौघांनी उचलून त्याला खालच्या दवाखान्यात आणला.

पाहुणा पायाकडे बोट दाखवून 'फुर्मी, फुर्मी' करतोय. मोबाइल भाषांतर करून इंग्रजीत सांगतो, 'माझ्या पायात मुंग्या आहेत.' डॉक्टर पॅन्ट गुडघ्यापर्यंत सरकवून मुंग्या शोधतात. एकही सापडत नाही. मग मोबाइलवरचं ते वाक्य मावशींना मराठीत सांगतात, तशा फरशी पुसता पुसता मावशी म्हणतात, "अवो डॉक्टर, पायाला मुंग्या आल्यात म्हनतोय त्यो."

निदान बरोबर. फ्रेंच पायाला मुंग्या येतात, मराठी पायालाही मुंग्याच येतात. मध्ये इंग्रजी आहे, तिच्या पायात सुया आणि टाचण्या टोचतात. मुंग्या पलीकडच्या काठावर पोचायच्या तर त्यांना दोनदा वेष बदलावा लागतो.

पोटाचंही तेच. भरपेट जेवून वर चीज, चॉकलेट आणि वाइन झाली की फ्रेंच माणसाला 'क्रीझ द फ्वा' येतो, म्हणजे यकृताचा झटका. इंग्रज डॉक्टरच्या पुस्तकात असा आजारच नाही. लिन पेयर या अमेरिकन पत्रकारबाईंनी १९८८ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिका या चार देशांतल्या वैद्यकीची तुलना करणारं पुस्तक लिहिलं. फ्रेंच लोक कितीतरी तक्रारींचं खापर यकृतावर फोडतात, हे त्यांनी त्यात नोंदवलं. वेल्ह्यातल्या कुठल्याही आजींना विचारा, त्यांना यात नवल वाटणार नाही. त्या म्हणतील, "पित्त खवळलं असंल, दुसरं काय!" केसपेपरवर मात्र 'ॲसिडिटी' एवढंच उमटतं. खवळणं वगैरे सगळं पेनाच्या टोकाशी थांबतं.

दुखण्याच्या शब्दांवर तर संशोधन झालंय. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची ७८ इंग्रजी विशेषणं वीस गटांत लावून प्रश्नावली केली. तिचं नुसतं भाषांतर करून भागेना, तेव्हा पॅरिसच्या सेंट-आंत्वान रुग्णालयात १९८४ मध्ये फ्रेंच शब्दांची वेगळी यादी बांधली गेली. भातलावणीच्या दिवसांत ओपीडीच्या बाकड्यावर तासभर बसलं तर मराठी यादी आयतीच मिळेल: ठणकतंय, ठसठसतंय, सलतंय, चमक मारते, कळ येते, उसण भरली, कंबर धरली. आणि या सगळ्याच्या आधी 'आठ दिस अंगावर काढलं' हे आहेच. केसपेपरवर पुन्हा एकच शब्द, 'पेन'.

रक्तातली साखर तपासायला 'उपाशीपोटी या' म्हणावं, तर चतुर्थीच्या दिवशी आजी येतात. "सकाळपासून काय खाल्लं?" "काय बी नाय. उपास हाय. साबुदान्याची खिचडी तेवढी खाल्ली." साखरेचा आकडा बघून डॉक्टर कपाळाला हात लावतात. फ्रेंचमध्ये रिकाम्या पोटाला 'आ जँ' म्हणतात आणि धार्मिक उपासाचा शब्दही याच कुळातला. म्हणजे हा घोळ पॅरिसमध्येही घालता आला असता. त्यांच्याकडे साबुदाणा नाही, एवढंच.

शेवटी पाहुण्याच्या हातात चिठ्ठी पडते. ती फ्रेंचमध्ये नाही, मराठीत नाही, आणि धड इंग्रजीतही नाही. 'बीडी', 'टीडीएस', 'एसओएस' ही सगळी लॅटिनची आद्याक्षरं. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे तीनदा, पगारातून कापतात तो नव्हे. आणि एसओएस म्हणजे गरज पडली तर. पाहुण्याला मात्र जहाज बुडाल्यासारखं वाटतं. मावशी फडकं बादलीत टाकतात, गोळी दाखवतात, त्याच्या घोट्याकडे बोट करून तोंड वाकडं करतात आणि गोळी तोंडाशी नेल्याचा अभिनय करतात. मग हसरा चेहरा करून मान जोरात हलवतात: दुखत नसेल तर नाही घ्यायची. पाहुणा विचारतो, "पारासेतामोल?" मावशी म्हणतात, "हां, तीच!"