डब्यातला आंबेमोहर

मुळशीतल्या चांद्याला, आमच्या चिंचेखाली, शाळेतून निवृत्त झालेली एक मिनीबस उभी असते. आरटीओच्या नोंदीसकट तिचं आता फिरतं घर झालंय: दोन बिछाने, एक शेगडी आणि प्रत्येक वळणावर पुस्तकं अंगावर सोडणारं एक फडताळ. बिऱ्हाड पाठीवर म्हणून हिने तिचं नाव ठेवलं विंचवी. सपाटीवर विंचवी गुणी आहे. ताम्हिणी घाट लागला, की मात्र जेजुरीच्या पायऱ्या चढणाऱ्या आत्याबाईंसारखी दर टप्प्यावर ‘जरा थांबा गं’ म्हणते. मागे काजळाची रेघ ओढते. सायकलवाली पोरं आम्हाला ओलांडतात आणि जाताजाता, वडीलधाऱ्यांना करावा तसा, हात करतात.

धाप लागते म्हणजे हवा कमी पडत असणार, असं माझं निदान. हिशेब मांडायला बसलो आणि हिशेबाच्याच प्रेमात पडलो. एक किलो डिझेल नीट जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे लिटरभर डिझेलमागे जवळजवळ 10,000 लिटर. स्वस्थ बसलेला माणूस दिवसरात्र मिळून साधारण तेवढीच हवा आत घेतो. याचा अर्थ, दर लिटरला विंचवी माझा एक आख्खा दिवस पिते, दुपारच्या डुलकीसकट. त्यात बॉनेटखालची हवा तापलेली, आणि तापलेली हवा विरळ. 60 अंशांऐवजी 30 अंशांची हवा पाजली, तर त्याच घोटात 10 टक्के ऐवज जास्त. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीला बॉनेटच्या बाजूने छतापर्यंत चढलेली एक नळी असते. ती खरी ओढ्यातून जाताना इंजिनाच्या नाकात पाणी जाऊ नये म्हणून. मला मात्र तिच्यात सनई दिसली. तशीच एक नळी मी घेऊन आलो आणि लग्नघरच्या वाजंत्र्याच्या ऐटीत काखेत धरून पौडच्या मेकॅनिककडे गेलो.

त्याने नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “काका, नुसती हवा वाढवून ताकद येत नाही. डिझेलपण वाढवावं लागतं, मग पुढचं सगळंच वाढतं. आणि हा काळा धूर म्हणजे आहे त्या डिझेललाच हवा पुरत नाहीये. आधी नाक शिंकरा, मग प्राणायाम.” एवढं बोलून त्याने एअर क्लिनरच्या डब्याच्या क्लिपा सोडल्या.

आत उंदरीण बाळंत होऊन गेली होती. भाताचा पेंढा, माझ्या पायमोज्याची लोकर, फडताळातल्या कुठल्याशा दिवाळी अंकाचं चावून मऊ केलेलं पान, आणि मधोमध वाटीएवढी, अंगठ्याने दाबून घडवल्यासारखी गोल जागा. फिल्टरच्या घड्यांमध्ये धूळ आणि साळीची टरफलं गच्च बसलेली. मुळशीच्या आंबेमोहराला भौगोलिक मानांकन आहे. उंदरिणीला ते कागदांशिवाय कळलं असावं. घरटं रिकामं होतं. तरी आम्ही दोघं क्षणभर आवाज न करता उभे राहिलो, कुणी निजलेलं असावं तसे.

मला आजोबांचा दमा आठवला. त्यांच्यासाठी घरात काय काय आलं: टेबलपंखा, पुण्याचा काढा, मिरजेचा वैद्य. रात्री त्यांची शीळ माजघरभर फिरायची. एका सुगीनंतर आजीने काही न बोलता, खिडकीला टेकलेली भाताची कणगी तेवढी दुसऱ्या भिंतीला सरकवली. दमा काही गेला नाही. पण त्या रात्री आजोबा उशीवर डोकं टेकून झोपले, आणि आजी पहाटेपर्यंत जागी राहिली, शीळ का ऐकू येत नाही म्हणून.

नवा फिल्टर बसला. घरटं मी चिंचेच्या बुंध्याशी ठेवलंय. सनई पागोळीला लावली आहे. पावसाचं पाणी पिंपात आणून सोडते. विंचवी घाट चढते, तशीच हळू, पण काजळ न लावता. सायकलवाले अजूनही पुढे जातात. तेव्हा मंडळी, नवी नळी घेण्याआधी एकदा डबा उघडून बघा. आणि उघडताना जरा हळू.