आता स्टेबल आहे

ताईच्या घरी दिवा लावायचा नसतो, तो लागतो. विझवायचाही नसतो, कारण प्रत्येक बटणावर सेलोटेप आहे आणि टेपखाली भाऊजींच्या वळणदार अक्षरात पाटी: 'बटण बंद करू नये. हुकुमावरून.' बटण बंद केलं की आतल्या स्मार्ट बल्बची वीज जाते आणि मग तो फोनचं ऐकत नाही. थोडक्यात, दिवा विझवायचा तर बटण चालूच ठेवायचं. हे मला समजावताना भाऊजींचा चेहरा गीतेचा दुसरा अध्याय सांगणाऱ्या बुवांसारखा झाला होता.

भाऊजी मूळचे असे नव्हते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी एक स्मार्ट प्लग मागवला आणि मध्ये कन्व्हर्टर लावून त्यावर गीझर जोडला. गीझर २००० वॅटचा, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर ओढणारा. प्लग ६ अँपिअरचा. हिशेब चुकल्याचं घरातल्यांना वासावरून कळलं. दुसरा कोणी तिथे थांबला असता. भाऊजी तिथून सुरू झाले.

आता चपलांच्या कपाटावर रास्पबेरी पाय नावाचा एक चिमुकला संगणक असतो आणि त्यावर होम असिस्टंट हे घर चालवणारं सॉफ्टवेअर चालतं. चतुर्थीला संकष्टी, तशी याची नवी आवृत्ती महिन्याच्या पहिल्या बुधवारी. कुठल्या जुन्या गोष्टी आता चालणार नाहीत, याची यादी सोबत येते. ती भाऊजी मन लावून वाचतात, पण अपग्रेड झाल्यावर. त्यामुळे बुधवारी अपग्रेड आणि शनिवारी सुटे भाग आणायला बुधवार पेठेत, पासोड्या विठोबापाशी, असा त्यांचा क्रम ठरलेला आहे. परतल्यावर रात्री उशिरा टेस्टर खिशात खोचून ते जाहीर करतात, "आता स्टेबल आहे."

बाथरूमचं उदाहरण घ्या. आधी तिथे हालचाल ओळखणारा सेन्सर होता. पण ज्या कामासाठी माणूस तिथे बसतो त्यात हालचाल फारशी नसते. तीन मिनिटांत अंधार. मग आतला माणूस दोन्ही हात वर करून आरतीला उभा राहिल्यासारखा टाळ्या पिटायचा. मी स्वतः पिटल्या आहेत. माईंनी, म्हणजे भाऊजींच्या आईंनी, आत जाताना काठी न्यायला सुरुवात केली. आधारासाठी नव्हे, हवेत फिरवायला. तेव्हा भाऊजींनी रडारवाला सेन्सर आणला. तो श्वासाने हलणारी छातीसुद्धा ओळखतो. अडचण एवढीच, की एक्झॉस्टच्या वाऱ्याने हलणारा प्लास्टिकचा पडदाही त्याला माणूसच वाटतो. आता दिवा रात्रभर जळतो आणि फोनवर 'बाथरूममध्ये कोणीतरी आहे' असा निरोप येत राहतो. पहिल्या रात्री ताई त्या निरोपाने उठली आणि लाटणं घेऊन गेली.

मला विचाराल तर भाऊजींना चालणारं घर नकोच आहे. चालू वस्तूशी ते पाहुण्यासारखे वागतात; बिघडली की ती घरची होते.

दिवेलागणीचीही एक कथा आहे. सूर्यास्ताला देवघराबाहेरचा दिवा आपोआप लागावा, अशी त्यांनी व्यवस्था केली. यंत्र अक्षांश-रेखांशांवरून मावळतीची वेळ काढतं, पंचांग नको. पण डिसेंबरात मेमरी कार्ड गेलं. नव्या कार्डावर सगळं बसवताना भाऊजी गाव भरायला विसरले आणि यंत्राने युरोपातलं कुठलंसं गाव धरलं. रात्री नऊला दिवा लागला. माई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, आज मावळायला फार उशीर केला त्याने!"

मधल्या काळात ताईने वायरमनला बोलावून पाहिलं. त्याने जिन्याचा बोर्ड उघडला, आतला रिले बघितला, न्यूट्रल शोधला, तो नव्हताच. बोर्ड जसाच्या तसा बंद करत म्हणाला, "वहिनी, करंट कुठून येतो ते कळतंय. कशाला येतो ते साहेबांनाच विचारा." पैसेही घेतले नाहीत.

मागच्या महिन्यात मी मुक्कामाला होतो. रात्री वीज गेली. अंधारात मला झोप लागली, बऱ्याच दिवसांनी छान. तीनच्या सुमाराला वीज आली आणि घरातले अकराच्या अकरा बल्ब पूर्ण तेजाने, पांढरे फटक, एकदम पेटले. वीज परत आली की काय करायचं हे आधी सांगून ठेवलं नसेल, तर बरेचसे बल्ब असंच करतात. मी सोफ्यावर डोळ्यांवर उशी घेऊन पडलो. भाऊजी बनियनवर बाहेर आले, चेहऱ्यावर बारशाचा आनंद. "पाहिलंस? एकही हरवला नाही. सगळे नेटवर्कवर परत!"

आतून ताई आली. एक शब्द बोलली नाही. दाराशी जाऊन तिने मेन स्विच खाली ओढला. त्याला तेवढी टेप नव्हती.

गच्च अंधार झाला. पंखे थांबले. कुठल्याशा बोर्डात एक रिले टक् करून गप्प झाला. आणि त्या शांततेत भाऊजींचा आवाज आला, हळू, विचारात पडलेला:

"वाय-फायवाला एमसीबी पण मिळतो म्हणे आता."