बॅटरीतलं पाणी पाह्यलं का?

केटी, टेक्सास
16 जुलै 2024

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,


लाईन आली. परवा रविवारी दुपारी, म्हणजे सातव्या दिवशी. शेजारीपाजारी बाहेर येऊन टाळ्या पिटत होते. लाईन आल्यावर अख्ख्या गल्लीनं एकदम 'आलीऽऽ' ओरडायचं, हे मी आजवर फक्त तिरोड्याचंच समजत होते.

बेरिल वादळ 8 तारखेला पहाटे माटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं आणि ह्यूस्टन परिसरातल्या वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. वादळ पहिल्या श्रेणीचं, म्हणजे इथल्या हिशेबात किरकोळच. शहर स्वतःला जगाची ऊर्जा-राजधानी म्हणवतं, बरं का! तिरोड्याच्या वीज केंद्राचे 660 मेगावॉटचे पाच संच उशाशी असताना तुम्ही घरी इन्व्हर्टर पुसत बसता, म्हणून मी हसायचे. दिव्याखाली अंधार म्हणजे काय ते आता इथेही कळलं.

कुठे लाईन आहे आणि कुठे नाही, हे दाखवणारा वीज कंपनीचा नकाशाच बंद होता. मग लोकांनी व्हॉटाबर्गर नावाच्या बर्गरवाल्यांचं अ‍ॅप उघडलं. नकाशावर दुकान केशरी दिसलं तर उघडं, म्हणजे तिथे लाईन असणार. करडं दिसलं तर अंधार. आपण नाही का, चक्कीचा आवाज आला की त्या बाजूची लाईन आली असं ओळखायचो? इथे पिठाऐवजी बर्गर, एवढाच फरक.

आता मूळ गोष्ट. 2021 च्या फेब्रुवारीत हिमवादळानं टेक्सासचं ग्रिड लोळवलं, तेव्हा तुमच्या जावयांनी शपथ घेऊन लिथियमचा एक बॅकअप डबा आणला होता. एक हजार वॉट-तासांचा, पुढे पडदा, मागे सॉकेटं. आणला, कौतुक केलं, गॅरेजात ठेवला. तीन वर्षं कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सोमवारी सकाळी बटण दाबलं, तर पडदा काळा. परत दाबलं. जावयांनी थापट मारली. काही नाही.

तुम्हाला फोन लावला, तर इथे सकाळचे नऊ, तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात, आणि तुम्ही दिवसभर रोवणीवर उभे राहून आलेले. तरी पहिला प्रश्न हाच: "बॅटरीतलं पाणी पाह्यलं का?" बाबा, यात पाणी नसतं, हे तुम्हाला पटवण्यात फोनची आठ टक्के चार्जिंग गेली. "बिनपाण्याची बॅटरी? मंग ते जगून कशी राहिली?" तर ती जगलीच नव्हती, हेही खरं. नुसती ठेवून ठेवून ती आपली आपण उतरत गेली होती. आतल्या सेलचं व्होल्टेज फार खाली गेलं की तिच्यातला इलेक्ट्रॉनिक रखवालदार सगळी दारं लावून घेतो, मग बटण दाबा नाही तर पाया पडा. तुमची ट्युब्युलर बॅटरी निदान पाणी कमी झालं की तरंगतं बुजगावणं खाली बसवून सांगते तरी.

पण पुढचा सल्ला तुमचाच कामी आला. "पूर्ण बसलेल्या बॅटरीले पहिले हळूहळू चार्ज दे, एकदम रेटू नको." मग तिला गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटला लावलं. गाडी गॅरेजाबाहेर काढून, कारण बंद जागेत धुरानं माणसं मरतात. वीस मिनिटांनी पडद्यावर एक टक्का उमटला आणि आम्ही तिघं असे आनंदलो, की जणू डीपी बदलून लाईनमन खांबावरून उतरला! पण गाडीतून मिळतात जेमतेम शंभर वॉट, म्हणजे डबा भरायला दहा तास. तुमच्या 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हिशेब तेव्हा अंधारात बसून केला: बाराने गुणलं की 1800 वॉट-तास. त्यातली निम्मीच वापरायची, हा तुमचा नियम धरला तरी 900 उरतात. म्हणजे आमचा हा चकचकीत डबा आणि तुमचा जिन्याखालचा म्हातारा, दोघांची पत सारखीच.

बुधवारी डब्यावर फ्रीज धड चालला होता. जावयांना चहा हवा झाला आणि त्यांनी मायक्रोवेव्ह लावला. तो पंधराशे वॉट ओढतो, डबा देतो हजार. खट्! ओव्हरलोड. सगळं सोडवून, मिनिटभर थांबून, परत चालू केलं. चहा गॅसच्या शेगडीवर झाला, ती पूर्ण वेळ समोरच होती.

आणि मग लाईन आली, पण घर ओरडायला लागलं. पीक. थांबून पीक. राऊटरखाली छोटा यूपीएस आहे, त्याचीच सात अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी गेली असणार, म्हणून नवी आणून बसवली. पीक. लिथियमचा डबा बंद केला. पीक. यूपीएसच अंगणात नेऊन ठेवला. तरीही पीक. रात्री दोनला तुमची नात उशी कानावर घेऊन म्हणाली, "आजोबांना विचार ना."

तुम्ही फोन कानाला लावून नुसते ऐकत राहिलात. मला वाटलं, झोपलात. मग म्हणालात, "इन्व्हर्टर असा नाही ओरडत, बाप्पा. तो भांडते. हे चाळीस-चाळीस सेकंदांनी एकदाच बोलून राहिलं. घड्याळ लावून पाह्यलं मी. छतावर काही आहे का?"

होतं. धुराची घंटा. तिच्यात लाईन नसताना चालावी म्हणून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते. आठवडाभर घंटा तिच्यावरच जगली होती आणि लाईन आल्यावर आपला निकाल लागल्याचं सांगत होती. जावई स्टुलावर चढले, तिला उतरवलं, नवी बसवली. शांतता झाली, तशी तुमची नात लगेच झोपली. आम्हाला मात्र सवयीनं झोप लागेना.

आईला सांगा, तिचं लिंबाचं लोणचं शाबूत आहे. फ्रीजातलं बाकी सगळं टाकावं लागलं. उद्या आषाढी, साबुदाणा भिजवलाय.

तुमची,
मोठी

ता. क. ती जुनी चौकोनी बॅटरी फेकू नको, ट्रान्झिस्टरला चालते का पाहू, असं म्हणालात ना? ठेवली आहे. डिसेंबरात येताना आणीन. यात मात्र पाणी घालायला जाऊ नका.