लवंगीची खोली

परळचा जनावरांचा दवाखाना आमच्या चाळीपासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. हे अंतर कापायला आम्हाला सात महिने लागले.

दवाखान्याच्या पाटीवरचं नाव भारदस्त आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट. पण लालबाग-परळमध्ये एवढं लांब नाव घ्यायला कुणाला वेळ आहे? इथं त्याला बैलघोडा म्हणतात. 1874 साली मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, आणि जनावरांचे हाल थांबवणारी सोसायटीही त्याच वर्षी निघाली, यात मला काही योगायोग वाटत नाही. पुढं दहा वर्षांनी गिरणीमालक दिनशॉ पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावानं हा दवाखाना उभा राहिला. आमचे अण्णा बावीस वर्षं गिरणीच्या साचाखात्यात, मागांवर होते, 82 च्या गिरणी संपात घरी बसले ते बसलेच. गिरणीमालकांबद्दल त्यांनी काढलेला एकमेव बरा शब्द याच संदर्भातला आहे. "घोड्यांचा तरी भला केल्यानी."

तर नावात बैल आहे, घोडा आहे, मांजर नाही. लवंगीनं हाच मुद्दा लावून धरला.

लवंगी आमच्याकडे आली एप्रिलात. मसाल्याचे दिवस. बायको मसाला गल्लीत बेडगी आणि संकेश्वरी निवडत होती. पोत्यामागून बारीक शिंका ऐकू आल्या. वाकून पाहिलं तर मुठीएवढं पिल्लू, डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि हात पुढं केला तर फिस्कारायची तयारी. पाच किलो मिरचीच्या पिशवीत बसून ते मसाला कुटायच्या डंखावर गेलं, तिथून घरी आलं. आकार आणि स्वभाव बघून नाव ठेवलं लवंगी. पिशवीत बसून तिनं राजीखुशीनं केलेला तो शेवटचा प्रवास.

जूनमध्ये लस द्यायची ठरली. आईचं म्हणणं, मांजर न्यायला वेगळं काय लागतं? बाजाराची चेनवाली पिशवी आहे की! त्या पिशवीतून आजवर सुरमई, नारळ आणि माझ्या बारशाची भांडी गेलेली आहेत. लवंगीला आत घालून चेन ओढली. गणेश गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत चेन आतून कशी उघडली, ते मला अजून समजलेलं नाही. आधी एक पंजा, मग डोकं, मग माझा खांदा, मग एका स्कूटरची सीट. आम्ही धापा टाकत परत आलो तेव्हा ती दारात अंग चाटत बसली होती.

दुसऱ्या वेळी मुलीच्या आग्रहानं खरेदी झाली. पाठीवर अडकवायची सॅक, तिला पुढून पारदर्शक घुमट. फोटोत त्यातलं मांजर चंद्रावर निघाल्यासारखं प्रसन्न दिसत होतं. आम्ही निघालो ऑक्टोबरात सकाळी अकरा वाजता. घुमट छोटा, भोकं त्याहून छोटी, ऊन मात्र पूर्ण मापाचं. भारतमाता सिनेमापर्यंत जाईतो आतून वाफ धरली आणि तिच्या पलीकडून दोन पिवळे डोळे मला शाप देऊ लागले. शिवाय चाळीतली सात पोरं "अंतराळवीर, अंतराळवीर" करत मागं. मी निमूट वळलो. ती सॅक आता मुलीच्या क्लासची पुस्तकं वाहते. घुमटातून बीजगणित दिसतं.

तिसऱ्या वेळी पेटी आणली, प्लॅस्टिकची, स्वस्त, वरचा आणि खालचा भाग चार चिमट्यांनी जोडलेला. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. चूक आमचीच, आम्ही भाव पाहिला, चिमटे पाहिले नाहीत. आमचा लाकडी जिना असा उभा आहे की उतरताना माणूस आपोआप देवाचं नाव घेतो. वरच्या मजल्यावरून निघताना माझ्या हातात पेटी होती, खाली पोचलो तेव्हा हातात फक्त झाकण होतं.

यानंतर लवंगीला पंचांग न बघता मुहूर्त कळू लागला. पेटीचा आवाज झाला की ती पोटमाळ्यावर, मखराच्या थर्माकोलमागं. चाळीत अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, उशीच्या अभ्र्यात घाला. तळमजल्यावरचे तात्या म्हणाले, गावाला कोंबड्या झाकतो तसं डालग्याखाली झाका. झाकून मग पुढं काय, डालगं ढकलत परळला न्यायचं का, हे त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी ओळखीतून एका तरुण डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पेटी एरवी कुठं असते?"

"माळ्यावर."

"म्हणजे ती फक्त दवाखान्याच्या दिवशीच खाली येते?"

मी गप्प. घरात पोलीस फक्त पकडायलाच येत असेल तर त्याला चहा कोण विचारणार?

त्यांनी मग पाढे म्हणावेत तसं सांगितलं. पेटी कडक हवी. दारं दोन हवीत, एक पुढं, एक वर, म्हणजे पुढून जात नसेल तर वरून अलगद सोडता येतं. वरचा अर्धा भाग निघणारा हवा, पण चिमट्यांचा नको, नटबोल्टचा बघा. दवाखान्यात झाकण काढलं की मांजर खालच्या भागात आपल्याच अंथरुणावर बसून राहतं आणि तपासणी होऊन जाते, ओढून काढायचं कामच नाही. आत घरातलं जुनं कापड घाला, धुतलेलं नको, तिच्या वासाचं हवं. मांजराला घर ओळखू येतं ते वासावरून. गाल घासतं ना दाराला, ते काही लाडानंच नव्हे, सही करतं ते. आणि पेटी आणल्यावर महिनाभर दवाखान्याचं नाव काढायचं नाही. दार उघडं ठेवून पेटी घरात राहू द्या.

"मांजर आत उभं राहून सहज वळलं पाहिजे, एवढं माप बघा," असं शेवटी म्हणाल्या. मी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आजूबाजूला पाहिलं. असं माप आमचं कुणी घेतलंच नव्हतं.

क्रॉफर्ड मार्केटातून पेटी आणली. अण्णांनी किंमत विचारली. "दोन हजार? मांजराक?" एवढं बोलून ते भिंतीकडं तोंड करून झोपले.

पेटी निवडणं सोपं होतं, खरा प्रश्न ठेवायची कुठं हा होता. एकोणीस इंच लांब, तेरा इंच रुंद. वाचायला हे काहीच नाही. पण आमच्या खोलीत रिकामी जमीन म्हणजे काय चीज आहे ते लालबागकरालाच समजेल. कॉटखाली ट्रंका, ट्रंकांमागं जादा सिलिंडर, कपाटावर पाहुण्यांच्या गाद्या, दारामागं शिडी, मोरीशेजारी पिंप. गॅलरीत ठेवावी तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या नडग्या. रात्री साडेनऊला घरची बैठक बसली. टीव्हीचं टेबल हलवायचा ठराव आईनं फेटाळला. मुलीची खुर्ची काढायचा ठराव मुलीनं फेटाळला. माझं काहीच नव्हतं, त्यामुळं माझं काही काढताही येईना. सरतेशेवटी अण्णांच्या उशाशी असलेलं स्टूल गॅलरीत गेलं आणि त्या जागी पेटी बसली. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटीच्या पाठीवर चष्मा ठेवला. चौथ्या दिवशी ट्रान्झिस्टर, गोळ्यांचा डबा आणि पेपर. स्टूल परत मागितलं नाही.

लवंगी नऊ दिवस पेटीवरून नजर फिरवून जात राहिली, नावडत्या नातेवाइकांसारखी. आत आईच्या जुन्या साडीची गोधडी घातली होती. दहाव्या दिवशी आईनं आत चिमूटभर सुका जवळा टाकला. डोकं आत, शेपटी बाहेर. दुसऱ्या दिवशी शेपटीही आत. त्या रात्री दिवे मालवल्यावर पेटीतून घुर्र घुर्र सुरू झालं. अण्णा अंधारात म्हणाले, "साचो चालू झालो."

त्यानंतर ती तिथून हलेना.

खरं सांगतो, मला थोडा राग आला. मी दहावीचा अभ्यास गॅलरीच्या दिव्याखाली केला. लग्न झालं तेव्हा आमच्या वाट्याला एक पडदा आला, तोही मे महिन्यात चुलतभावंडं आली की निघायचा. या घरात पन्नास वर्षांत कुणाला स्वतःची खोली मिळाली नाही, आणि मिरचीच्या पोत्यामागून आलेल्या या बाईसाहेबांना ती मिळाली. नववीतली माझी मुलगी एकदा पेटीकडं बघत म्हणाली, "बाबा, तिला दारसुद्धा आहे."

जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, आम्ही निघालो. निघालो म्हणजे काय, लवंगी झोपली होती, अण्णांनी पेपरवरची नजर न काढता एका हातानं दार लावलं आणि कडी सरकवली. साचाखात्यात तुटलेला धागा असाच जोडत असणार. पेटी मूठ धरून लोंबकळत न्यायची नाही, खालून दोन्ही हातांनी धरायची, हेही आता मला माहीत होतं. वरून टॉवेल. जिना बिनआवाज उतरलो. टॅक्सीत पुढच्या सीटमागं खाली ठेवली. ड्रायव्हरनं विचारलं, "काय आहे?" बायको म्हणाली, "म्हातारी आहे आमची, झोपलीय." त्यानं पुढं काही विचारलं नाही.

बैलघोड्यात मांज्यानं कापलेल्या घारी आणि कबुतरं घेऊन पोरं उभी होती. शेजारी एक कुत्रा अखंड तक्रार करत होता. लवंगीनं टॉवेलखालून एकदा नाक काढलं, गोधडीचा वास घेतला आणि आत घेतलं. पेटीसकट वजन, वजा पेटीचं, चार किलो दोनशे. डॉक्टरांनी बोल्ट सोडले, झाकण उचललं, लस टोचली. ती झाकण काढलेल्या डब्यातल्या लाडवासारखी जागच्या जागी. झाकण पुन्हा बसवलं आणि झालं. सात महिन्यांचं काम सात मिनिटांत.

घरी आल्यावर दार उघडलं तर ती बाहेर यायला तयार नाही. घरीच तर होती ती, बाहेर कशाला यायचं?

गणपतीत कणकवलीहून मंडळी आली. खोलीत अकरा माणसं. लालबागच्या राजाच्या रांगेला रात्री निघायचं होतं. मखर, गाद्या, नारळ, फराळाचे डबे, पाय ठेवायला जागा नाही. आत्या हातात पर्स घेऊन मधोमध उभी, ठेवू कुठं म्हणून सगळीकडं बघतेय. मग ती सावकाश पेटीपाशी बसली, दारातून आत वाकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बायो, तुझ्या खोलयेत ठेवू काय गे?"