नुसता सात

आमच्या एका मित्रानं हॉलमध्ये सातबारा फ्रेम करून लावलाय. आधी तिथं आजोबांचा फोटो होता. आजोबा शेती करायचे, त्यामुळं त्यांना पॅसेजमध्ये हलवलं.

जमीन मावळात, ११ गुंठे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा. त्याखाली बागायतीला किमान १० गुंठ्यांची रेषा आखली गेली आणि जाहिरातींतले प्लॉट ११ गुंठ्यांचे झाले. कायदा पाळायची एवढी हौस या धंद्यात एरवी दिसत नाही. तिथं इंद्रायणी भाताची खाचरं होती. बांध फोडून, वर मुरूम ओतून ती ‘डेव्हलप’ केली.

चहा येईपर्यंत मी फ्रेम वाचली. गावनमुना सात म्हणजे जमीन कुणाची, आणि बारा म्हणजे तिच्यात पिकतं काय. सातात मित्राचं नाव, वहिनींचं नाव. बारात एकच शब्द: ‘पड’.

म्हटलं, “अरे, हा सातबारा कुठला? हा नुसता सात आहे.”

हे त्याला लागलं. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवर करायची असते, शेतात उभं राहून, फोटोसकट. पुढच्याच शनिवारी मित्र शेतात उभा राहिला. शेतात तेव्हा एक झोपाळा, एक बार्बेक्यूची शेगडी आणि आठ गुंठे लॉन होतं. झोपाळा कोणत्याच हंगामात बसेना. लॉन मात्र त्यानं ‘चारा’ म्हणून नोंदवलं. खोटं तरी कसं म्हणणार? गवत आहे, हिरवं आहे, दर रविवारी कापणी होते, म्हणजे वर्षाला बावन्न पिकं; पंजाबलासुद्धा हे जमलेलं नाही. चारा खाणार कोण, म्हणून विचारलं, तर घरी लॅब्राडोर आहे म्हणाला. तो पोट बिघडलं की गवत खातो. म्हणजे पशुधन झालं. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, हे सांगताना तर त्याचा आवाज थेट बांधावरून आल्यासारखा झाला. आता तो पाऊस लांबला की गंभीर होतो. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणाला, “आम्हा शेतकऱ्यांचं कुणाला पडलेलं नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३. मित्राला ती लागली नाही. साताऱ्याकडच्या एका सातबाऱ्यावर त्रेचाळीस नावांत त्याचं नाव आहे: दीड गुंठा, विहिरीत एक आणा हिस्सा. गावी तो जत्रेला जातो. ते शेत कुठल्या अंगाला आहे, हे त्याला गुरवानं एकदा लांबून दाखवलं होतं.

याच कायद्यातली व्याख्या सरळ आहे: स्वतः जमीन कसतो तो शेतकरी. पण दाखला काढायला गेलं की “कसतोस का?” असं कोणी विचारत नाही. सातात नाव आहे का, संपलं.

माझी भाची कसते. कृषी पदवीधर आहे, बाप बस कंडक्टर. सातात नाव कुठून येणार? चार वर्षं दुसऱ्याच्या दोन एकरांत खंडानं भाजी करते आहे. करार तोंडी. कागद केला तर कूळ लागेल, ही भीती. १९५७ साली कृषकदिनी कुळं मालक झाली (मुहूर्त १ एप्रिलचा होता, हे माझं नव्हे, सरकारचं). ती धास्ती अजून उतरलेली नाही. जमीन पड ठेवतील, पण लिहून देणार नाहीत. कागदच नाही, म्हणून पीककर्ज नाही. गारपीट तिच्या टोमॅटोवर झाली आणि भरपाई मालकाच्या खात्यात गेली. तो म्हणाला, “ताई, नाव माझं आहे ना.” खरंच आहे! नाव त्याचं, घाम हिचा, आणि आम्ही सगळे ‘तरुण शेतीकडं का वळत नाहीत’ या विषयावर एसी हॉलमध्ये परिसंवाद भरवणार, शेवटी सेंद्रिय गुळाचा चहा पिणार आणि गाडीत बसताना एकमेकांना विचारणार, मुळशीत गुंठ्याला काय भाव चाललाय? अरे, जी पोरगी बारा भरायला तयार आहे तिला सातात शिरू देत नाही, आणि सातात बसलेत त्यांचा बारा लॅब्राडोर खातोय. लाज कोणत्या नमुन्यात नोंदवायची असते?

असो. आवाज चढला.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. “मामा, दिवाळीनंतर रान सोडायला सांगितलंय. बोर्ड लागलाय.”

“किती गुंठ्यांचा?”

“अकरा.”

मित्राला लॉन सांभाळायला, हंगामाला फोटो काढायला माणूस हवाच होता. मी भाचीचं नाव सुचवलं.

“पाठव की,” तो म्हणाला. “पण आधी विचारून घे, शेतीतलं काही कळतं का तिला.”