तेवढी क्लच केबल आली की झालं

जुनी मोटारसायकल स्वस्तात उचलून ती स्वतःच्या हातांनी जोडणारा, आणि मग तिच्यावरच गाडी शिकणार असलेला माणूस तुमच्याही सोसायटीत आहेच. त्यांना आपण जोडणीकर म्हणू. पार्किंगच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पंपाशेजारी, कालचा पेपर अंथरून ते उकिडवे बसलेले असतात. पेपरावर कार्बोरेटरचे अवयव, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात नटबोल्ट आणि स्वयंपाकघरातून न विचारता आणलेल्या स्टीलच्या वाटीत पेट्रोल. ‘काय जोडणीकर, झाली का गाडी?’ असं जाता-येता कुणीही विचारावं आणि त्यांनी मान वर न करता सांगावं, ‘झालीच. तेवढी क्लच केबल आली की झालं.’ मागच्या दिवाळीतही तेवढी क्लच केबलच यायची होती. अशा माणसाबद्दल लोकांची दोन मतं असतात: एक तर तो हौशी आहे, नाही तर चिक्कू आहे. मला दोन्ही पटत नाहीत. जोडणीकर गाडी जोडतच नाहीत. ते गाडीवर बसायची वेळ पुढे ढकलतात, आणि या कामात त्यांच्याइतका चिवटपणा मी सरकारी खात्यांतही पाहिलेला नाही.

पुरावा हवा असेल तर आधी त्यांनी घेतलेली गाडी पाहा. ती बहुतेक वेळा जुनी स्प्लेंडर असते. १९९४ साली बाजारात आलेली, ९७.२ सीसीची, चार गिअरची आणि देशातल्या प्रत्येक तालुक्यात किमान एका झाडाखाली उघडी पडलेली गाडी. तिची क्लच केबल मिळत नाही असं म्हणणं म्हणजे पुण्यात अमृततुल्य चहा मिळत नाही म्हणण्यासारखं आहे. नाना पेठेत जाऊन नुसती मागितली, तरी दुकानदार पुढे तीन कंपन्यांच्या केबली टाकतो आणि वर ‘ब्रेकची पण देऊ का?’ विचारतो. जोडणीकरांनी येझदी घेतली असती तर गोष्ट वेगळी. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, जुने सुटे भाग शोधायला वणवण करावी लागते, शिवाय तिथे किक आणि गिअर एकाच दांड्यावर, म्हणजे नवशिक्याला घाबरायला सबळ कारण. पण येझदीवाले निराळ्या जातीचे. ते गाडी चालवतात, निदान ढकलत तरी नेतात. सबब जिथे खरी ठरली असती ती गाडी सोडून जोडणीकर नेमकी अशी गाडी घेतात, की जिच्याबाबत ती सबब शेंबड्या पोरालाही पटणार नाही. त्यांना सबबीची अडचण नाहीच. अडचण आहे ती गाडी जोडून पूर्ण होण्याची.

आणि सबब केबलचीच का, हेही विचार करण्यासारखं आहे. हॉर्नची का नाही? टेललाइटची का नाही? डाव्या मुठीखालची लिव्हर दाबली की ही तार क्लच ओढते आणि इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो. लिव्हर हळूहळू सोडली की तो पुन्हा जुळतो. या दोन अवस्थांच्या मधे बोटभर अंतराची एक जागा असते. तिला आपण हाफ क्लच म्हणतो. ती जागा हाताला सापडली की मोटारसायकल आली, बाकी सगळं सरावाचं. सापडली नाही तर गाडी एक तर आचका देऊन बंद पडते, नाही तर समोरच्या कुंडीवर जाते. उभी गाडी आणि धावती गाडी यांच्यामधे काय असेल तर ती एवढी तार. बाकी शेकडो भाग बसवून झाले तरी केबल नाही तोवर जोडणीकर सुरक्षित आहेत. म्हणून ती एकदाची आली, तर तिचा एक तंतू लिव्हरच्या टोकाशी सुटलेला आहे हे त्यांच्याच लक्षात येतं. ‘असली केबल घालून रस्त्यावर जायचं म्हणजे जिवाशी खेळ,’ असं म्हणून ते ती परत करतात. दुकानदारही घेतो, कारण तोही आता सरावला आहे.

दुसरा पुरावा कामांच्या क्रमाचा. मेकॅनिक इंजिनापासून सुरुवात करतो, जोडणीकर आरशापासून. आधी दोन्ही आरसे, मग नंबर प्लेट, मग टाकीला पॉलिश, सीटला नवं कव्हर, साइड स्टँडला रबर. ब्रेक शू आणि क्लच यांचा नंबर सर्वांत शेवटी. हेल्मेट मात्र पहिल्या दिवशी, आयएसआय मार्क उन्हात धरून तपासलेलं. हेल्मेटसक्तीच्या विरोधात कृती समिती स्थापन करणाऱ्या शहरात हा माणूस डबल स्टँडवर लावलेल्या गाडीवर हेल्मेटचा पट्टा आवळून बसतो, दोन्ही आरशांत आळीपाळीने पाहतो आणि गिअर पाठ करतो: न्यूट्रल, खाली पहिला, खाली दुसरा. मग कुणीतरी सांगतं, की पल्सरमध्ये पहिला खाली आणि बाकीचे वर. आठवडा त्यात जातो. लर्निंग लायसन्सची मुदत सहा महिन्यांची, आणि कायद्याची अपेक्षा अशी की तीस दिवस झाले की माणूस पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला येईल. जोडणीकरांकडे लर्निंग लायसन्सची फाइल आहे. २०२१ पासून ते घरबसल्या आधारवर निघायला लागलं आणि शासनाने जणू त्यांचीच सोय केली. पूर्वी निदान नूतनीकरणासाठी तरी घराबाहेर पडावं लागायचं.

यावर पहिला आक्षेप अर्थातच पैशांचा. ‘अहो, परवडत नाही म्हणून करतोय बिचारा, मेकॅनिकने हजार रुपये घेतले असते,’ असं त्यांची बाजू घेणारे सांगतात. ते स्वतःही सांगतात, फार समाधानाने. हिशेब करू. मेकॅनिकचे हजार वाचवण्यासाठी प्लग पाना, रिंग पान्यांचा सेट, फिलर गेज आणि एकदाच वापरायचा चेनचा पुलर घेतला गेला. गाडीला पंधरा वर्षं उलटलेली, म्हणजे फेरनोंदणी आली, पर्यावरण कर आला. विकणाऱ्याने इंजिन कधीतरी बदललेलं होतं आणि त्याची आरसीवर नोंद नव्हती, म्हणजे आरटीओच्या खेपा आणि एजंट आला. जागची न हललेल्या गाडीचा विमा दर वर्षी वेळेवर भरला जातो. पीयूसीसाठी धूर तपासायला गाडी केंद्रावर न्यावी लागते, न्यायची तर चालवावी लागते, म्हणून ती टेम्पोतून जाते. टेम्पोवाला दर खेपेला विचारतो, ‘साहेब, गाडी चालत नाही तर धूर कशाचा तपासायचा?’ हा चिक्कूपणा असेल तर चिक्कू लोकांनी मानहानीचा दावा लावावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यंत्र आतून कळल्याशिवाय ते चालवू नये, असं एक प्रामाणिक मत आहे, आणि त्याच्या बाजूने राइट बंधूंचा दाखला देता येतो. डेटनमध्ये सायकलींचं दुकान चालवणारी ती दोघं भावंडं वर्षानुवर्षं जोडत, मोडत, पुन्हा जोडत बसली आणि मगच १७ डिसेंबर १९०३ला आकाशात गेली. मग जोडणीकरांनीच काय पाप केलं? दाखला खरा आहे, पण तो उलटतो. राइट बंधूंनी इंजिन बसवण्याआधी किटी हॉकच्या वाळूवर ग्लायडरमधून शेकडो वेळा उड्या मारल्या होत्या. म्हणजे चालवणं आधी आणि यंत्र नंतर. तोल कसा सांभाळायचा हे त्यांना टेबलावर कळलं नाही, पडूनच कळलं. मोटारसायकलचंही तेच. वेगात असताना डावीकडे वळायचं तर हँडलची डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते, ही गोष्ट चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना सांगता येत नाही, पण त्यांच्या हातांना ती येते. जोडणीकरांना ती अचूक सांगता येते, आकृतीसह. हातांना येत नाही, कारण हात ग्रीसमध्ये आहेत. आणि राइट बंधूंचं पहिलं उड्डाण अवघं बारा सेकंदांचं होतं, हे त्यांना कुणी सांगू नये. ‘तेवढं तर मीही डबल स्टँडवर,’ असं काहीतरी ऐकायला मिळेल.

एवढं सिद्ध करून थांबता आलं असतं. पण खटला जोडणीकरांवर भरला, की साक्षीला आपण बाकीचे येतो, आणि तिथे पंचाईत आहे. आपण कसे शिकलो? मोटार शिकवायला गल्लोगल्ली शाळा आहेत. छतावर पिवळी पाटी, मास्तरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक. मोटारसायकलला यातलं काही नाही. ती आपल्याकडे शिकवायची गोष्टच मानत नाहीत. मिसरूड फुटते तशी ती वयात आलं की येते. एका संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मामा किंवा थोरला भाऊ मागे बसतो, ‘सोड, सोड, हळू सोड’ एवढं ओरडतो आणि काळोख पडायच्या आत विद्यार्थी पदवीधर होतो. त्या संध्याकाळी मिळालेल्या ज्ञानातला हुकमी मंत्र म्हणजे ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील.’ वास्तविक ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवायची खरी ताकद तिथेच असते. मागचा ब्रेक एकट्याने करकचून दाबला की चाक घसरतं. या मंत्राचा इतका प्रसार झाला, की शेवटी सरकारला २०१९पासून लहान दुचाकींवर दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची करावी लागली, असं माझं खासगी मत आहे. पुढे आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढायचा, पाय न टेकता, पहिल्या गिअरमध्ये, जिथे एकही बस नाही, खड्डा नाही आणि उलट्या बाजूने येणारा सज्जन नाही. पास.

आणि मग हा आकडा वाचावा. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. त्यांच्यापैकी किती जणांची केबल आली होती असा विचार मनात आला, की जोडणीकरांची चेष्टा करायला जीभ थोडी अडखळते. ज्या रस्त्यावर घाबरायला हवं, त्या रस्त्यावर घाबरणारा हा एकटा माणूस आहे. आपण त्याला हसतो, कारण आपण एका संध्याकाळी शिकलो.

मग सरळ रिक्षाने जावं, बसने जावं, भीती वाटते असं सांगून मोकळं व्हावं, हा तिसरा आक्षेप. तो घेणाऱ्याने आपल्याकडच्या एखाद्या पुरुषाला चारचौघांत ‘मला गाडीची भीती वाटते’ म्हणताना ऐकलं आहे का? पोहायची भीती वाटते, चालतं. इंग्रजीची वाटते, मोठमोठे कबूल करतात. पण चाळिशीच्या गृहस्थाला मोटारसायकल येत नाही ही गोष्ट लग्नाच्या बोलणीत नसली, तरी घरात रोज असते. बायको ॲक्टिव्हावरून भाजी घेऊन परतते, मुलगी क्लासहून येताना पार्किंगमध्ये त्यांना टाळून सफाईने वळण घेते आणि विचारते, ‘बाबा, अजून?’ तेव्हा हातात पाना असणं फार महत्त्वाचं. पाना असलेला माणूस कामात असतो, घाबरलेला नसतो. आमच्या समाजाने भीतीला बसायला दुसरी जागा ठेवलेली नाही, म्हणून ती पंपाशेजारी पेपर अंथरून बसते. त्या पेपरासमोर वाटीतल्या पेट्रोलात पायलट जेट बुडवून, ते उजेडाकडे धरून, केसाएवढ्या भोकातून पलीकडचं आभाळ दिसतंय का हे पाहणारा माणूस मला आता तितकासा हास्यास्पद वाटत नाही. तो त्या जेटमधून फार काळजीने पाहतो, हे मान्य करायला हवं. इतक्या काळजीने कुणी आपल्या गाडीकडे पाहिलं असतं, तर निम्म्या गॅरेजांना टाळं लागलं असतं.

पण त्यांचे दिवस भरत आले आहेत. एप्रिल २०२०पासून नव्या दुचाकींना भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि कार्बोरेटर हळूच गेला; त्याच्या जागी आलेल्या इंजेक्टरला वाटीत बुडवता येत नाही. पाठोपाठ इलेक्ट्रिक स्कूटर आली: तिला गिअर नाही, किक नाही, चोक नाही, प्लगवर काजळी धरत नाही आणि क्लच केबल तर मुळातच नाही. बॅटरीचा खोका उघडला तर वॉरंटी जाते. बटण दाबायचं आणि निघायचं, मधे विचाराला सवडच नाही. अशा गाडीपुढे जोडणीकर काय अंथरणार? तरी मला त्यांच्याबद्दल फार चिंता नाही. एक तरुण जोडणीकर, नवी कोरी इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावून, हेल्मेट घालून तिच्यावर बसलेले दिसतात अशी बातमी आमच्या सोसायटीत पसरली आहे. गाडी कधी काढणार, असं वॉचमनने विचारलं तर ते स्क्रीनकडे बोट दाखवतात. सॉफ्टवेअरचं तेवढं अपडेट यायचं आहे म्हणे.