माझ्याकडे आहे

चार माणसं गाण्यावर गप्पा मारत बसली आहेत आणि त्यातला एकजण सहज म्हणाला, "मल्लिकार्जुनअण्णांचा खट राग काय होता हो!" की कोपऱ्यातून थंड आवाज येतो, "माझ्याकडे आहे." कुठल्या बैठकीतला, कधीचा, किती मिनिटांचा, काही नाही. ऐकवतो म्हणायचं तर नावच नको. फक्त ताबा जाहीर होतो.

हे गृहस्थ पुण्यात सापडतात तसे दादर-पार्ल्यात, मिरजेत आणि मडगावातही सापडतात. बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात. एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालतील, पण रविवारी जुन्या बाजारात एखादी काळी तबकडी दिसली की भाव न विचारता पाकीट काढतात. घरात गोदरेजच्या कपाटात रेकॉर्डी उभ्या रचलेल्या असतात (आडव्या रचल्या की लाखेच्या तबकडीला बाक येतो) आणि वहिनींच्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत.

ऐकायला बोलावलंच, तर आधी पंखा बंद होतो. मग प्रस्तावना. ७८च्या रेकॉर्डच्या एका बाजूला मावतात तीन-साडेतीन मिनिटं. प्रस्तावना पस्तीस मिनिटांची. सुरुवात थेट नोव्हेंबर १९०२पासून. कलकत्त्यात गौहरजान गायली, गाणं संपताच तिने इंग्रजीत आपलं नाव पुकारलं, कारण तबकड्या छापायच्या जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिथल्या माणसाला लेबल कुणाचं लावायचं ते कळायला हवं. ही हकिकत खरी आहे, सुरेख आहे आणि तुम्ही ती दर वेळी ऐकता. गौहरजानकडून ह्यांनी एवढी एकच गोष्ट उचलली. ती नाव शेवटी सांगायची. हे आपल्या संग्रहातली प्रत कुणाला द्यायची वेळ आलीच तर ऐन तानेच्या मध्यावर स्वतःच्या आवाजात स्वतःचं नाव घालून देतात. पुढे ती प्रत कुठे फिरली तर कळावं म्हणून.

अखेर सुई टेकते. अब्दुल करीम खाँसाहेबांचा पहिला सूर येतो, तुमचे डोळे मिटतात, आणि हे सुई उचलतात. "स्पीड चुकलाय." मग पेटी काढून पट्टी तपासली जाते. जुन्या तबकड्या सगळ्या काही नेमक्या ७८च्या वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत, हे खरंच. पण त्यापायी शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या संग्राहकाशी ह्यांचं बोलणं बंद आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले. अर्ध्या सुराचा तंटा अजून चालू आहे.

खाजगी बैठकीचं स्पूल लावलं, तर ह्यांचं सगळं लक्ष गाण्याच्या मागे. "हा खोकला ऐकलात? म्हणजे गिरगावातली बैठक." विलंबित ख्याल चालू असतो आणि आपण खोकल्यावरून साल काढत बसतो. राग कोणता म्हणून विचारलंत, तर "ते पाकिटावर असेल" असं उत्तर मिळतं.

खरी गंमत केसरबाईंपाशी आहे. बाईंना बैठकीत कुणी ध्वनिमुद्रण केलेलं खपत नसे. तरीही ह्यांच्याकडे त्यांची बैठक आहे, म्हणजे कुणीतरी यंत्र पडद्यामागे लपवलं असणार. कसं लपवलं, हे गृहस्थ रंगवून सांगतात. सांगताना अभिमानाने छाती फुगते. आणि त्याच वेळी तुमचा मोबाइल टेबलावर पालथा घालायला लावतात. चोरीच्या मालावर इतका कडक पहारा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. बाईंची एक भैरवी १९७७मध्ये 'व्हॉयेजर' यानांवरून अंतराळात गेली. त्या भैरवीची ७८ ह्यांच्याकडे आहेच, यानावरची आंतरतारकीय अवकाशात पोचली आहे. मागायला गेलात तर दुसरी लवकर मिळेल.

एवढं असूनही ह्यांना झोप लागत नाही ती नसलेल्या रेकॉर्डींमुळे. भास्करबुवा बखले, अल्लादिया खाँसाहेब यांचा आवाज कुठेच मुद्रित झालेला नाही, असं सगळे जाणकार सांगतात. हे ऐकून घेतात आणि हळूच म्हणतात, "कुणाकडे तरी असणार." आपल्यासारखाच एखादा दाबून बसलाय, अशी ह्यांची खात्री असते.

मला विचाराल तर ही माणसं विक्षिप्त आहेत आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. कंपन्यांनी तीन मिनिटांचे तुकडे विकले. तास-दीड तास उलगडत गेलेलं गाणं आपल्यापर्यंत पोचलं ते आकाशवाणीमुळे आणि ह्यांच्यासारख्यांनी लपवून-छपवून भरलेल्या फितींमुळे. पण फितीला बुरशी लागते, तिच्यावरचा लेप सुटून भुकटी होते, आणि कोकणातला काय, मुंबईतला काय, पावसाळा काही "नंतर बघू" ऐकून घेत नाही. तेव्हा तुमच्या ओळखीत असे कुणी असतील तर जूनच्या आत जा. गौहरजानची हकिकत पुन्हा एकदा ऐका, खोकल्याला दाद द्या, आणि सगळं संगणकावर उतरवून द्यायची तयारी दाखवा. नाहीच म्हणाले, तर निघताना स्वयंपाकघरात डोकावून वहिनींशी बोला. ट्रंकेतल्या साड्यांना कपाट हवंच आहे.